पाचवं चाक

मे महिन्यात फियाटच्या रेक्झिनच्या सीटला ज्यांच्या मांड्या चिकटल्या, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मागच्या सीटवर आपण पाच जण. थोरल्यांना खिडक्या, मधल्यांना एकमेकांची कोपरं आणि शेंडेफळ कुणाच्या तरी मांडीवर. आमच्या शेंडेफळाला सगळे ‘स्टेपनी’ म्हणायचे. त्याचा कशालाच उपयोग नव्हता, पण बरोबर न्यावाच लागायचा.

खरी स्टेपनी डिकीत असायची. निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबा रेडिएटरचं पाणी बघत, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवत, चारी टायरांना एकेक लाथ मारत. शेवटी आतून आजोबांचा आवाज येई, “स्टेपनीत हवा आहे ना रे?” घरोघरी हा प्रश्न विचारला जायचा, आणि घरोघरी त्याचं उत्तर न बघताच दिलं जायचं.

1981 च्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून इस्लामपूरला आजोळी निघालो होतो. खंबाटकी घाट उतरला, सुरूर फाटा मागे पडला, आणि भुईंजच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढायला लागली. पाठोपाठ ती थडथड. बाबांनी लगेच गाडी कडेला वडाखाली घेतली. तेव्हा पुणे-बंगळूर रस्त्याला दोन्ही बाजूंनी वड होते, म्हणून पंक्चर बहुधा सावलीतच होई. ट्यूबच्या टायरवर तसंच दहा पावलं पुढं गेलं, तरी रिम ट्यूब चावून तिचं चिरगुट करते, हे आम्हा पोरांनाही पाठ होतं.

डिकी उघडली. ट्रंक, वळकटी, पापडांचे डबे, फिरकीचा तांब्या असं सगळं सतरंजीवर आलं. तळाशी चाकाच्या जागी चाकाएवढी गोल धूळ होती. स्टेपनी गुरुवारपासून स्वारगेटजवळच्या पंक्चरवाल्याकडे होती, आणि आणायची राहिली होती.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, “तरीच म्हटलं, आज डिकीत एवढं मावलं कसं!”

चाक खोलायचं, एसटीच्या टपावर टाकून पुढच्या गावी न्यायचं, पंक्चर काढायचं आणि येणाऱ्या गाडीनं परतायचं, हा तेव्हाचा सरळ मार्ग. त्यात दुपार जायची. बाबांनी मागच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर घेतली आणि काढलेले नट-बोल्ट उपड्या व्हीलकॅपमध्ये ठेवले. तेवढ्यात उसाच्या फडातून एक शेतकरी बांधावर आला. “पावनं, टायरात पाचट भरा की! भुईंजपातुर जातीया.” बाबा हसले, पण एकदा उसाकडे बघून घेतलंच.

मग एक अँबॅसिडर थांबली. हात करावा लागला नाही. बॉनेट वर किंवा गाडी जॅकवर दिसली की लोक थांबायचेच. त्या गृहस्थांनी आपणहून डिकी उघडली, आणि दोघंही चाकाकडे बघत उभे राहिले. त्यांचं चाक 15 इंची, आमचं 14. ‘काय करणार’ अशी मान हलवून ते गेले.

अर्ध्या तासानं फियाट आली. दुधी रंगाची, टपावर कॅरिअर, आणि मागच्या सीटवर आमच्यासारखीच पाच पोरं. त्या काकांनी काय झालं हेसुद्धा विचारलं नाही. आमची रिकामी डिकी बघितली, आपली उघडली आणि स्टेपनी काढून रस्त्यावरून घरंगळत आणली. रिमवर लाल ऑइलपेंटनं बारीक ‘श्री’ लिहिलेला होता. बाबा म्हणाले, “अहो, पण मग तुम्हाला वाटेत काही झालं तर?” काका म्हणाले, “साताऱ्यापर्यंत पांडुरंग आहे.”

मग दोन फियाटी एकामागोमाग वाढे फाट्यावर आल्या. तिथं झाडाला जुना टायर टांगलेला, त्यावर चुन्यानं लिहिलेलं ‘पंक्चर’. पोऱ्यानं टायरवर उड्या मारून त्याची कड रिमपासून सोडवली, दोन टॉम्या घालून ती बाहेर काढली आणि आतड्यासारखी लांबलचक ट्यूब ओढली. हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात इंच इंच सरकवली. आम्ही दहा पोरं घमेल्याभोवती उकिडवी. बुडबुड्यांची माळ वर आली तसा गलका झाला. त्यानं भोकात काडी खोचून खूण केली, कानशीनं रबर खरवडलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारली आणि ठिगळ दाबलं. मग टायरच्या आतून हळूच बोटं फिरवून त्यानं खिळा शोधला. बैलाच्या नालेचा. त्या रस्त्यावर अर्धी पंक्चरं उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांच्या नावावर जात. शेवटी व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघितली. बुडबुडा आला नाही.

तोवर दोन्ही घरच्या दशम्या एकाच सतरंजीवर आल्या होत्या. बाबांनी चाक परत बदलायला पाना उचलला, तर काका म्हणाले, “कशाला पुन्हा खोलाखोली? चाक ते चाक.” आमचं चाक त्यांच्या डिकीत गेलं.

आज वाटतं, हे जमलं कारण रस्त्यावर बघायला गेलं तर दोनच प्रकारच्या मोटारी होत्या. कुर्ल्याच्या कारखान्यातली हरेक फियाट एकाच मापाचं चाक घेऊन निघायची, म्हणून समोरून येणाऱ्या प्रत्येक फियाटच्या डिकीत आपली स्टेपनी होती. आता आमच्या सोसायटीत साठ गाड्या आहेत आणि एकाच मॉडेलच्या स्वस्त-महाग प्रकारांचीही चाकं अनेकदा एका मापाची नसतात.

गेल्या वर्षी त्याच रस्त्यावर भाच्याच्या नव्या गाडीनं स्वतःच सांगितलं, मागच्या डाव्या चाकात हवा कमी. गाडीला स्टेपनी नाहीच. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर जादा चाक नसलं तरी चालेल, असा नियम 2020 मध्ये झाला. भाच्यानं खिळा होता तिथंच राहू दिला, व्हॉल्व्हमधून बाटलीतला चीक आत सोडला, छोटा कॉम्प्रेसर लावला आणि वीस मिनिटांत आम्ही हळूहळू निघालो. टायरची बाजूची भिंत फाटली असती तर त्या बाटलीचा उपयोग नव्हता. फोन करून गाडी उचलून न्यावी लागली असती. पण फाटली नव्हती. कुणी थांबलं नाही, आणि खरं तर कुणी थांबायची गरजही नव्हती. आईला ही बाटली फार आवडली असती. उन्हात सामान उपसायचं तिचं वाचलं असतं. वड मात्र आता नाहीत.

‘स्टेपनी’ हा शब्दही मुळात लांबून आलेला. मोटारी जादा चाकाशिवायच विकल्या जात, तेव्हा 1904 च्या सुमारास वेल्समधल्या लॅनेली गावी डेव्हिस बंधूंनी पंक्चर चाकाला जोडायचं जादा चाक बनवलं. त्यांच्या गावातल्या स्टेपनी स्ट्रीटचं नाव त्याला मिळालं. शंभरेक वर्षांनी काही गाड्या पुन्हा चारच चाकांवर आल्या.

1997 मध्ये बाबांनी फियाट विकली. घेणाऱ्यानं सगळं तपासलं आणि डिकीतल्या चाकावर बोट ठेवून विचारलं, “हा ‘श्री’ कुणी लिहिला?”

बाबा म्हणाले, “माहीत नाही.” खरंच माहीत नव्हतं. दोन्ही घरं एका सतरंजीवर जेवली, चाकं बदलून गेली, पण नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.