दूरदेशींचा एक दिवस

जालना जिल्ह्यांतील जाफराबाद तालुक्यांत आमचें टेंभुर्णी गांव आहे. सोलापूर जिल्ह्यांतही याच नांवाचें एक गांव असल्यानें आमचीं पत्रें पूर्वीं कित्येकदां तिकडे फिरून येत. हल्लीं पत्रें भ्रमणध्वनीवर येतात, त्यामुळें तीं वाट चुकत नाहींत. गेल्या आश्विनांत आमच्या भाचीचें असेंच एक लांबलचक पत्र आलें. ती चीन देशांत सार्वजनिक आरोग्यशास्त्राचा अभ्यास करीत आहे, आणि त्या अभ्यासांतील एका दिवसाचा वृत्तांत तिनें कळविला होता.

ती प्रथम निघाली तेव्हां आमच्या भगिनीनें फार मनाला लावून घेतलें होतें. समजूत घालावी म्हणून आम्हीं सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचें उदाहरण दिलें. १९३८ सालीं काँग्रेसनें पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून ते चीनला गेले, आणि तेथील हेबै प्रांतांत जखमींची सेवा करीत असतां ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या ३२ व्या वर्षीं निवर्तले. "दादा, ते परत आले नाहींत, हें विसरलास होय?" एवढेंच भगिनी म्हणाली. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

भाचीचा तो दिवस त्याच हेबै प्रांतांतील एका खेड्यांत गेला. शिजियाझुआंग शहरांतून सकाळीं मोटारीनें मंडळी निघाली. सुगी नुकतीच आटोपलेली. अंगणांत व छपरांवर मक्याचीं पिवळीं कणसें वाळत घातलेलीं. 'मामा, आपल्याच शिवारांत आल्यासारखें वाटलें,' असें ती लिहिते. काम म्हणजे गांवच्या वैद्यकसेविकेबरोबर घरोघर जाऊन वृद्धांचा रक्तदाब मोजावयाचा, आणि मीठ किती खातां, औषध नियमानें घेतां कीं नाहीं, हें विचारून टिपून घ्यावयाचें. ६५ वर्षांवरील माणसांची अशी मोफत वार्षिक तपासणी तेथील सरकारनें २००९ पासून चालविली आहे.

एका घरीं एका आजीबाईंनीं प्रत्येक प्रश्नास "सारें ठीक आहे" असेंच उत्तर दिलें. औषध? रोज घेतें. भाचीनें तसें लिहूनही घेतलें. वैद्यकसेविका मात्र कांहीं न बोलतां ठेंगण्या स्टुलावर बसली व आजींबरोबर कणसें सोलूं लागली. भाचीही बसली. थोड्या वेळानें आजी आपण होऊनच म्हणाल्या कीं, गोळ्या पुरवून पुरवून वापराव्या म्हणून एक दिवसाआड घेतें. लिहिलेलें उत्तर खोडावें लागलें. निघतांना आजींनीं दोघींना उकळलेलें ऊन पाणी आग्रहानें पाजलें.

दारोदार जाण्याची ही रीत त्या प्रांतांत जुनी आहे. १९३२ पासून तेथील डिंगशिएन येथें डॉ. चेन झिचियान यांनीं खेड्यांतील साक्षरतेच्या शाळांत शिकलेल्या शेतकऱ्यांनाच निवडलें. थोड्या दिवसांच्या शिक्षणावर ते जन्ममृत्यूंची नोंद ठेवीत, देवी टोंचीत, विहिरींची दुरुस्ती पाहत. १९३७ च्या जपानी आक्रमणानें तें काम मोडलें. पुढें १९६८ पासून 'अनवाणी डॉक्टर' हें नांव देशभर झालें. १९८५ सालीं तें नांव गेलें, तरी गांवचा वैद्यकसेवक राहिला. आम्ही जन्मभर मास्तरकी केलेली असल्यामुळें, रात्रीच्या शाळेंतून आरोग्यसेवक निघाले हें वाचून ऊर भरून आला.

परंतु पुढच्याच क्षणीं मान खालीं गेली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतून आपल्याकडेही 'आशा' सेविका आल्या. आमच्या आळीची आशा कित्येक वर्षें दारीं येते. आम्हीं तिला उंबरठ्यावरूनच "सारें ठीक आहे" असें सांगून वाटेस लावीत आलों. बसावयास कधीं म्हटलें नाहीं. त्यांत घरच्या जुन्या सोंवळ्याचा अंश किती आणि आळस किती, हें आमचें आम्हांसच ठाऊक. आणि सारें ठीक तरी कोठें होतें? रक्तदाबाच्या गोळ्यांचीं पाकिटें आमच्याही फडताळांत न उघडतां पडलेलीं होतीं.

पुढच्या खेपेस ती आली तेव्हां तिला ओसरीवर बसविलें, पाणी दिलें आणि खरें तें सांगितलें. तिनें वहींत लिहून घेतलें व म्हणाली, "गुरुजी, हें आधींच सांगायचं होतं." दुसऱ्याच दिवशीं तिनें आम्हांस दवाखान्यांत नेलें. रक्तदाब बराच वाढलेला निघाला.

भगिनीस हें कळविलें तेव्हां ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोर कधीं येईल तें येवो; तिचें पत्र वेळेवर आलें." वाचकांपैकीं ज्यांच्या दारीं अशी कोणी वही घेऊन येत असेल, त्यांनीं तिला आधीं बसावयास सांगावें, एवढीच विनंती.