हे काय जमवायचं?

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजण काही ना काही जमवतात? पोस्टाची तिकिटं, नाणी, काडेपेट्यांवरची चित्रं, शिंपले, पिसं, रंगीत दगड... हात वर करा बघू! आणि पालकहो, तुम्हीसुद्धा. लहानपणी तुमच्याही कपाटात असा एखादा पत्र्याचा डबा होताच की!

आता मी एका वस्तूचं नाव घेते. ती कोणी जमवत असेल का, तुम्हीच सांगा. वस्तू आहे व्हॅक्यूम क्लीनर, म्हणजे केर ओढून घेणारं यंत्र.

हसलात ना? थांबा, जरा ऐका.

मला या यंत्राची गोडी लावली माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने. त्याचं नाव सांगणार नाही, कारण तशी अटच घातली आहे त्याने! त्याच्या वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप तिथे दुरुस्तीला येतात. गिऱ्हाइकांनी टाकलेले आणि परत कधीच न नेलेले तीन व्हॅक्यूम क्लीनर दुकानाच्या कोपऱ्यात पडून होते. तेच या मुलाचं भांडार. कुठल्याची नळी कशी बसते, कुठल्याचं चाक कधी तुटलं, सगळं त्याला तोंडपाठ.

कार्यानुभवाच्या तासाला ‘माझा छंद’ असा विषय होता. कोणी नाणी आणली, कोणी तिकिटांची वही. हा पठ्ठ्या वडिलांच्या सायकलवरून एक अख्खं यंत्रच घेऊन आला. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. दोनच वाक्यं झाली असतील, तेवढ्यात मागून आवाज आला, “हे काय जमवायचं? केरवाला!” आणि सगळा वर्ग खो-खो हसला.

तो गप्प झाला. नळी गुंडाळून जागेवर जाऊन बसला. त्यानंतरच्या तासालाही त्याने मान वर केली नाही.

मी वर्गाला एवढंच विचारलं, “दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवी काय वस्तू आणतो आणि तिला हळदकुंकू वाहतो?” एकदम दहा-बारा आवाज आले, “केरसुणी!” “तिला चुकून पाय लागला तर काय करतो?” “नमस्कार!” “मग जी वस्तू केर काढते तिला आपण लक्ष्मी म्हणतो आणि त्याच कामाच्या यंत्रावर प्रेम करणाऱ्याला हसतो, हे कसं काय बुवा?” कोणी काही बोललं नाही. पण नुसतं गप्प करून भागत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या मुलाचं बोलणं परत यायला हवं होतं. म्हणून मी वाचायला बसले, शोधाशोध केली. आणि काय सांगू तुम्हाला, मीच त्या यंत्राच्या प्रेमात पडले!

आधी ते चालतं कसं, ते पाहू. व्हॅक्यूम म्हणजे निर्वात पोकळी. पण आत पूर्ण पोकळी काही होत नाही बरं का. आतला पंखा गरागरा फिरतो आणि हवा बाहेर फेकतो. त्यामुळे आतला हवेचा दाब कमी होतो. बाहेरचा दाब जास्त, म्हणून बाहेरची हवा नळीतून आत धावते आणि येताना धूळ, केस, पोळीचे कण सगळ्यांना सोबत घेऊन येते. हवा पिशवीच्या बारीक छिद्रांतून निसटते, केर मात्र अडकतो. शहाळ्यात नळी घालून पाणी ओढता ना, तेव्हा तुमचं तोंड हेच काम करत असतं.

ही कल्पना डोक्यात आली ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्लिश इंजिनिअरच्या. लंडनमध्ये त्याने एक यंत्र पाहिलं. ते हवा फुंकून धूळ उडवत होतं. बूथला वाटलं, धूळ उडवून काय उपयोग? ती पुन्हा खालीच बसणार! त्यापेक्षा ओढून का घेऊ नये? मग या गृहस्थाने खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवला, त्यावर तोंड टेकवलं आणि जोरात हवा ओढली. ठसका लागला खरा, पण रुमालावर धुळीचा काळा डाग उमटला. (तुम्ही हा प्रयोग करायचा नाही हं!) १९०१ साली त्याने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं.

ते यंत्र केवढं असेल? घोडागाडीएवढं! पेट्रोलच्या इंजिनावर चालणारं. घोडे ते ओढत आणत, रस्त्यातच उभं करत आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडत. १९०२ साली राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक होता. तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबे या मोठ्या चर्चमधले गालिचे याच यंत्राने साफ केले होते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. ओहायो राज्यातल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँगलर नावाचा माणूस एका दुकानात झाडलोटीचं काम करायचा. त्याला दमा होता. गालिचे झाडताना धूळ उडायची आणि त्याला श्वास घेणं अवघड व्हायचं. त्याने पंख्याची मोटर घेतली, झाडूचा दांडा घेतला आणि उशीचा अभ्रा घेतला. मोटर केर ओढणार, अभ्र्यात तो साठणार! १९०८ साली त्याला पेटंट मिळालं. पुढे ते विल्यम हूवर या चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या माणसाने विकत घेतलं आणि या यंत्राचं नाव जगभर गेलं. इंग्लंडमध्ये तर ‘हूवर करणे’ म्हणजे केर काढणे, असं क्रियापदच झालं! पण मुलांनो, लक्षात कोण ठेवायचा? तो दमेकरी, केर काढणारा माणूस. ज्याला कामाचा त्रास ठाऊक होता, त्यालाच उपाय सुचला.

आपल्याकडे ही यंत्रं फारशी रुळली नाहीत. आपली घरं फरशीची, गालिचे कमी आणि केरसुणी स्वस्त. तरी १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्स कंपनीचे टाय लावलेले विक्रेते दारोदार जाऊन ती चालवून दाखवत, हे तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. विचारा त्यांना!

आता जमवणाऱ्यांकडे वळू. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात स्टॅन कान नावाचे एक प्रसिद्ध ऑर्गनवादक होते. एका भव्य चित्रपटगृहात ते ऑर्गन वाजवत. आणि यांचा छंद कोणता? जुने व्हॅक्यूम क्लीनर! टेलिव्हिजनवरच्या गाजलेल्या ‘टुनाइट शो’मध्ये ते ७०हून अधिक वेळा गेले. तिथे ते आपली यंत्रं दाखवत. यंत्रं ऐनवेळी बिघडत, हे गडबडून जात आणि सगळा देश हसत असे. पण कान स्वतःही त्या हसण्यात सामील होत आणि पुन्हा नवीन यंत्र घेऊन येत. २००८ साली ते वारले. पुढच्याच वर्षी, त्यांच्याच मिसुरी राज्यातल्या सेंट जेम्स गावी व्हॅक्यूम क्लीनरचं एक संग्रहालय उभं राहिलं.

अशा संग्राहकांचं अमेरिकेत एक मंडळही आहे. दरवर्षी ही मंडळी एकत्र जमतात. १९५०च्या दशकातला एक गोल गरगरीत हूवर होता. तो स्वतःच सोडलेल्या हवेवर जमिनीपासून किंचित वर तरंगायचा. असं यंत्र पाहिलं की यांचे डोळे लकाकतात. एकाकडे जुना पट्टा असतो, दुसऱ्याकडे कधीच बनायची बंद झालेली पिशवी, तिसऱ्याकडे जुनी माहितीपुस्तिका. एकट्याने दहा वर्षांत जमलं नसतं, ते सोबत्यांमुळे एका दिवसात जमतं.

हे सगळं मी वर्गात सांगितलं, तेव्हा त्या मुलाने मान वर केली. “बाई,” तो म्हणाला, “म्हणजे माझ्यासारखे आणखी आहेत?” तुम्हाला सांगते, या एका प्रश्नासाठी मी वाचलेलं सगळं वसूल झालं.

मग आम्ही वर्गाचं छंद मंडळ काढलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तासभर थांबायचं. अकरा मुलं आली. पहिले काही शनिवार मजेत गेले. मोटरमधला कार्बन झिजला की ठिणग्या का उडतात, हे त्या मुलाने दाखवलं. (यंत्राचा प्लग काढलेला होता आणि त्याचे वडील शेजारी उभे होते, हेही सांगून ठेवते.) नाणीवाल्याने तांब्याचं नाणं आणि पितळेचं नाणं ओळखायला शिकवलं.

पण मंडळ म्हटलं की भांडणं आलीच! “माझ्याकडे दोनशे तिकिटं, तुझ्याकडे वीसच,” असं सुरू झालं. एकाने दुसऱ्याकडून घाईघाईत चांगलं तिकीट घेतलं, बदल्यात दहा साधी दिली आणि घरी गेल्यावर रडारड झाली. मोठ्या संग्राहकांतही हेच चालतं, बरं का. अमुक कंपनीचंच यंत्र चांगलं, पिशवीचं खरं की बिनपिशवीचं खरं, जुनं यंत्र घासूनपुसून नवं करावं की जसं आहे तसं ठेवावं, यावरून मोठी माणसं हमरीतुमरीवर येतात.

आमच्याकडचं सगळ्यात दुखरं भांडण मात्र वेगळंच निघालं. मंडळात एक मुलगी नव्याने आली. लाजरी. ती केरसुण्या जमवणार होती. शिंदीची केरसुणी, नारळाच्या हिरांचा खराटा, मऊ कुंचा. तिने पिशवीतून तीन झाडू काढून ठेवले. आणि कोण हसलं, ओळखा पाहू! तोच. आमचा यंत्रवाला. “झाडू? हे काय जमवायचं!”

ती मुलगी झाडू घेऊन घरी गेली. पुढचे दोन शनिवार आलीच नाही.

मी त्याला बाजूला घेतलं. ओरडले नाही. “तुझ्या पहिल्या दिवशी मागून कोण काय म्हणालं होतं, आठवतं?” एवढंच विचारलं. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. उत्तर दिलं नाही.

त्या शनिवारी मी सगळ्यांना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची गोष्ट सांगितली. दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून काय जमवलं? दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी. रोजच्या वापरातल्या, कोणी वळूनही पाहणार नाही अशा वस्तू. आज ते पाहायला लांबून माणसं येतात.

सोमवारी तो मुलगा आजोळचा एक जुना, अर्धा झिजलेला खराटा घेऊन शाळेत आला आणि तिच्या बाकावर ठेवून आला. तोंडाने काही बोलला नाही. ती पुढच्या शनिवारी आली. पण खरं सांगायचं तर ती अजून त्याच्याशी फारसं बोलत नाही. नाणीवाल्यांच्या घोळक्यात बसते. खराटा मात्र वर्गाच्या कपाटात आहे, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट. दुखावलेलं मन एका वस्तूने लगेच भरून येत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो. तो मुलगा वाट बघतोय, आणि हेही शिकण्यासारखंच आहे.

आता आम्ही काही नियम केलेत. अदलाबदल त्याच दिवशी करायची नाही. वस्तू बघायची, घरी विचार करायचा, पुढच्या शनिवारी द्यायची. किती आहेत हे विचारायचं नाही, कुठे मिळालं हे विचारायचं. आणि नव्या माणसाला पहिली दहा मिनिटं द्यायची, मध्ये कोणी बोलायचं नाही.

मोठ्या ताई-दादांनो, तुम्हाला तुमच्या छंदाचे सोबती आता फोनवर, इंटरनेटवरही सापडतील. दूरच्या देशातला कोणीतरी तुमच्या बंद यंत्राचा पट्टा कुठे मिळतो ते सांगेल. जरूर बोला. पण आईबाबांना माहीत असू द्या. आपला पत्ता, फोटो अनोळखी माणसाला द्यायचा नाही. तिथेही भांडणं होतात, टर उडवली जाते. अशा वेळी फोन बाजूला ठेवा आणि आपली वस्तू हातात घ्या. यंत्र असेल तर पुसा, नाणं असेल तर भिंगातून बघा. ज्या वस्तूसाठी तुम्ही तिथे गेला होतात, ती तुमच्याजवळच आहे.

पालकहो, तुमच्या मुलाने काही विचित्र जमवायला घेतलं, तर आधी पाच मिनिटं त्याच्याशेजारी बसा. एखादा प्रश्न विचारा. एवढंच पुरतं.

आणि मुलांनो, एक काम सांगते. या आठवड्यात वर्गातल्या अशा एका मुलाला किंवा मुलीला गाठा, जिच्याशी तुम्ही सहसा बोलत नाही. विचारा, “तू काय जमवतेस?” उत्तर ऐकून हसू आलं, तर ओठ घट्ट मिटा आणि म्हणा, “दाखव ना!”