पत्रावळ, ताट आणि तिसरा शब्द

विद्यार्थी मित्रहो, भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने लग्नातल्या भांड्यांवर लिहावे, याचे तुम्हांला कदाचित नवल वाटेल. परंतु शब्द हे कोशात राहत नाहीत. ते स्वयंपाकघरात, मांडवात आणि हिशेबाच्या वहीत राहतात. गेल्या वैशाखात माझ्या लेकीच्या लग्नाचा स्वागत समारंभ नांदुऱ्यास झाला. पाहुणे पाचशेच्या घरात होते. तिथी, जागा, जेवणातले पदार्थ हे सारे एका संध्याकाळच्या बैठकीत ठरले. एक प्रश्न मात्र पंधरा दिवस रेंगाळला: जेवण कशात वाढायचे?

आचाऱ्याने दोन दर सांगितले. एक ताटांचा, दुसरा ‘डिस्पोजल’चा. तुम्हीही हा शब्द बाजारात ऐकला असेल. इंग्रजीत ‘डिस्पोजल’ म्हणजे विल्हेवाट लावण्याची क्रिया. आपण मात्र तिला वस्तूचे नाव करून टाकले. ‘डिस्पोजल किती आणू?’ असे आपण सहज विचारतो. आता या शब्दाशेजारी आपले जुने शब्द ठेवून पाहा. ‘पत्रावळ’ हा शब्द संस्कृत ‘पत्रावली’पासून आला. पत्र म्हणजे पान आणि आवली म्हणजे ओळ. ती वस्तू कशाची आणि कशी केली, हे तिच्या नावातच आहे. ‘पंगत’ हे ‘पंक्ती’चे रूप; त्यात माणसे शेजारी शेजारी बसलेली दिसतात. ‘डिस्पोजल’ या नावात ना पान आहे, ना हात, ना माणूस. त्यात केवळ त्या वस्तूचा शेवट आहे.

हा शेवटही खरा नसतो. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक व थर्माकोलची एकदाच वापरायची ताटे, वाट्या आणि पेले यांवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून अशा अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन; ते कुजत नाही, केवळ बारीक होत जाते. त्याच्या जागी आलेल्या कागदी पेल्याच्या आतल्या बाजूसही बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, एरवी त्यात चहा टिकलाच नसता. लग्नसराईनंतर कोणत्याही मंगल कार्यालयामागचा नाला पाहावा; ‘फेकणे’ या क्रियापदाचे ‘नाहीसे करणे’ असे भाषांतर होत नाही, हे तेथे कळते.

तेव्हा मी पत्रावळीचा आग्रह धरला. पळसाची पाने बारीक काड्यांनी टाचून लावलेली पत्रावळ आणि तसाच द्रोण. सातपुड्याच्या पायथ्याकडे पळस आहेच. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मी लेकीला ऐकवली, पानाच्या रचनेवर चार वाक्ये बोललो, व्युत्पत्तीही सांगितली. जेवणानंतर पत्रावळ मातीत जाते, पाण्याची बचत होते, परंपराही जपली जाते. एखादे व्याख्यान रंगावे तसा मी रंगलो होतो.

आमच्याकडे अनेक वर्षे भांडी घासणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. माझे बोलणे संपल्यावर त्या म्हणाल्या, “पत्रावळीवर लय जेवलो सर आमी. तुमाले ते नवी वाटते. आमाले ताटात वाढा.”

त्या वाक्याने मला एका जुन्या मांडवात नेऊन उभे केले. मी तेव्हा आठ वर्षांचा असेन. नात्यातल्या एका लग्नात मांडवात ताटांची पंगत बसली होती आणि मांडवाबाहेर, बाभळीखाली, पत्रावळींची. बाहेरच्या पंगतीत वाजंत्री होते, लाकडे फोडणारे होते, त्यांच्या बायका-मुले होती. माझ्याच वयाचा एक मुलगा पत्रावळीतून निसटणारे वरण बोटाने अडवीत होता. ‘त्यांना ताटे का नाहीत?’ असे मी विचारले, तेव्हा घरातले एक वडीलधारे सहज म्हणाले, “त्याइची ताटं घासन कोन?”

आता कळते की, ते पाण्याविषयी किंवा श्रमाविषयी बोलत नव्हते. धातूचे ताट धुऊन पुन्हा वापरायचे असते. म्हणजे आज त्याने जेवलेल्या ताटात उद्या मी जेवायचे असते. पत्रावळ ही अडचण मिटवते. ती टाकून देता येते, आणि तिच्यासोबत जेवणाऱ्याशी असलेला संबंधही टाकून देता येतो. ‘उष्टे’ हा शब्द ‘उच्छिष्ट’पासून आला, अर्थ एवढाच की, खाऊन उरलेले. परंतु कोणाचे उष्टे कोणी उचलायचे, हे आपल्या समाजाने शतकानुशतके जन्मावरून ठरवले. ओमप्रकाश वाल्मीकि यांनी आपल्या हिंदी आत्मकथनाचे नाव ‘जूठन’ ठेवले, त्यामागे हेच जगणे आहे. मी ज्या वस्तूकडे निसर्गाची देणगी म्हणून पाहत होतो, तिच्याकडे मावशी बाभळीखालून पाहत होत्या. दोन्ही दर्शने खरी होती. पण त्यांतले एक माझ्या व्याख्यानात नव्हते.

ताटे ठरली. मी ही वार्ता आईला सांगितली. ती ऐंशीच्या पुढची आहे. तिने शांतपणे विचारले, “ताटं मांडशीन लेका, पन घासन कोन?”

शब्द जवळजवळ तेच. अर्थ मात्र उलटा. पहिल्या वाक्यात जेवणाऱ्याला दूर ठेवायचे होते. दुसऱ्या वाक्यात, जी दिसत नाही तिची आठवण ठेवायची होती. वाक्याचा अर्थ शब्दांइतकाच बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांवर ठरतो, हे मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. त्या दिवशी मी ते शिकलो.

आईचा प्रश्न व्यवहाराचाही होता. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला हा भाग खारपाणपट्ट्याचा. वैशाखात गोड्या पाण्याचे मोल इथल्या माणसास सांगावे लागत नाही. मी घरी मोजून पाहिले. एक ताट, दोन वाट्या आणि पेला वाहत्या नळाखाली न धुता तीन टपांत क्रमाने धुतले, तर माणशी अडीच लिटर पाणी पुरते. पाचशे पाहुण्यांना साडेबाराशे लिटर. तेवढे पाणी टाकीत भरून ठेवता येत होते. तीनशे ताटे भाड्याने आणली. घासण्यासाठी चार बाया ठरवल्या आणि मजुरी त्यांनीच सांगावी, असे ठरले. उष्टे खरवडून पिंपात टाकण्याचे काम घरच्या तरुण मुलांकडे दिले. राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी काढल्या, ही कथा कीर्तनात ऐकताना आपण हात जोडतो. तेच काम पुतण्याला सांगितले, तेव्हा तो प्रथम हसला, मग लाजला, आणि मग बाह्या सरसावून उभा राहिला.

सारे सुरळीत झाले, असे मी लिहिणार नाही. महामार्गावरच्या १०५ फुटी हनुमान मूर्तीवर दिवे लागले, तेव्हा पहिली पंगत उठली आणि ताटे धुऊन येईपर्यंत दुसरीस वीस मिनिटे थांबावे लागले. वडिलांचे एक वृद्ध स्नेही गाडीची वेळ झाली म्हणून न जेवता निघून गेले. त्याची रुखरुख मला आजही आहे. चारशे ताटे आणायला हवी होती. पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग ताटांवर उमटले, ते पुसायला मीच बसलो. उरलेल्या अन्नाची दोन पिंपे भरली, हेही खरे. ताट कोणतेही असो, अन्न टाकण्याची आपली सवय त्याने सुटत नाही. मावशी आणि त्या चौघी दुसऱ्या पंगतीत, पाहुण्यांच्या ओळीत बसल्या. मी बुंदी वाढायला गेलो, तेव्हा मावशींनी ताटावर आडवा हात धरून “बस, सर” म्हटले. आणखी काही बोलणे झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आचाऱ्याने छापील बिल दिले. त्यात ‘डिस्पोजल’ असा रकाना होता. त्यावर त्याने काट मारली होती. ‘ताटे’ या रकान्यापुढे ३०० असा आकडा होता. भांडी घासणाऱ्यांसाठी त्या छापील कागदावर रकानाच नव्हता. ती ओळ मी माझ्या हाताने लिहिली.

मित्रहो, तुमच्या घरच्या कार्याचे एखादे जुने बिल सापडले, तर ते वाचून पाहा. कोणत्या वस्तूंना आणि कोणत्या श्रमांना त्यात शब्द आहे, आणि कोणाला नाही, एवढेच मोजा.