बेत बँकॉकचा

बँकॉकला जाणार असे नुसते म्हणायचा अवकाश, की ऐकणारा गृहस्थ डोळा मिचकावतो. आमच्या शेजाऱ्यांनी तर आवाज खाली आणून विचारले, "काय हो, सहकुटुंब?"

"सहकुटुंब," मी म्हणालो, "आणि कुटुंबाच्या गुडघ्यांसह!"

ते बिचारे हिरमुसले. या शहराची कीर्ती आपल्याकडे अशी मिचकावलेल्या डोळ्यानेच पोहोचली आहे. दुसरा डोळाही उघडावा, म्हणून हा बेताचा वृत्तान्त.

बेत तसा जुना. एकदा चिरंजीवांची फी आडवी आली, एकदा घराची गळती आणि २०२० साली तर साऱ्या जगाचेच दार बंद झाले. यंदा मात्र डॉक्टरांनीच मुहूर्त काढून दिला. आमच्या सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया जानेवारीत ठरली आहे. "त्याआधी कुठे जाऊन यायचे तर या," डॉक्टर म्हणाले, "पण बेताने." तेव्हा बेतही करायचा आणि बेतानेही करायचा, असे कोडे घेऊन मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मी संस्कृतचा मास्तर. माझे टाचण सुरू झाले ते शहराच्या नावापासून. बँकॉक हे नाव परक्यांच्या तोंडचे. तिथले लोक आपल्या शहराला 'क्रुंग थेप' म्हणतात. त्यातला 'थेप' म्हणजे आपला देव. देवांची नगरी! पहिल्या रामराजाने १७८२ साली चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर ही राजधानी वसवली. तिचे संपूर्ण नाव जगातल्या सर्वांत लांब स्थलनामांत गणले जाते. महानगर, अमर, रत्न, महेंद्र, विश्वकर्मा असे ओळखीचे शब्द त्यात थाई उच्चारांचे अंगरखे घालून ओळीने उभे असतात. त्यातच 'अयुथया' आहे, म्हणजे आपली अयोध्या. त्याच नावाची जुनी राजधानी १७६७ साली ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. तिचे अवशेष बँकॉकपासून ऐंशी किलोमीटरांच्या आसपास आहेत. मी टाचणात ते अधोरेखित केले.

चिरंजीवांनी आपली यादी वेगळी दिली : गगनचुंबी इमारतींच्या गच्च्या, आठवड्याच्या शेवटी भरणारा चातुचाकचा अफाट बाजार, तरंगते बाजार. दोन्ही याद्या जोडल्या तेव्हा तेवीस कलमे झाली, आणि हाताशी दिवस पाच! सौभाग्यवतींनी यादी वाचली, चष्मा काढला आणि "छान आहे" एवढेच म्हणून कुकर लावायला गेल्या. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात मला एवढे कळले आहे, की त्यांचे 'छान आहे' हे 'नको'चेच सौम्य रूप असते.

मग काटछाट सुरू झाली. पहिले कलम ऋतूचे. मेपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे पाऊस, मार्च ते मे उन्हाचा कहर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस सुखाचे. जानेवारी शस्त्रक्रियेला गेला, म्हणजे नोव्हेंबर ठरला. विमानाने मुंबईहून साडेचार तासांच्या आसपास; घड्याळ दीड तास पुढे करायचे, की झाले. प्रवेशाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिकिटे काढण्याआधी ते ताजे पाहून घेतले.

राजवाडा आणि त्याच्या आवारातले पाचूच्या बुद्धाचे मंदिर हे कलम कोणी काढू देईना. मूर्ती पाचूची म्हणतात, पण आहे जेडची. उंची अवघी सहासष्ट सेंटिमीटर. वर्षातून तीनदा, ऋतू पालटला की, तिची वस्त्रे बदलतात आणि हा मान खुद्द राजाचा. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत १७८ चित्रफलकांवर अख्खे रामायण रंगवले आहे. त्याला 'रामकियन' म्हणतात. त्यात रावण 'तोसकन' आहे, म्हणजे दशकंठ. आणि मारुतराय? ते तिथे चांगले रसिक आहेत! रावणाच्या मत्स्यकन्येवर, सुवर्णमत्स्येवर, त्यांचा जीव जडतो.

"शनिवारचा उपास करते मी त्यांचा!" सौभाग्यवती म्हणाल्या. "ते चित्र मला दाखवू नका." पण थोड्या वेळाने स्वतःच विचारले, "लग्न झालं का हो मग त्यांचं?"

तिथे शिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. साडीमुळे ती अट आमच्याकडे आपोआप पुरी होते.

नदीपलीकडचे 'वाट अरुण', म्हणजे अरुणाचे मंदिर, चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेले. पायऱ्या मात्र छातीवर येणाऱ्या. ते अलीकडच्या काठावरून पाहायचे ठरले. त्याऐवजी 'वाट फो' घेतले. तिथला पहुडलेला बुद्ध सेहेचाळीस मीटर लांब आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हे कोरली आहेत. त्याच आवारात मालीश शिकवण्याची जुनी शाळा आहे. या विद्येचे आद्य गुरू म्हणून ते लोक बुद्धाचा वैद्य जीवक याचे स्मरण करतात. "निदान एखादे कलम माझ्या गुडघ्यांच्या बाजूचे आहे," अशी त्यावर मंजुरी मिळाली.

तेवीसांची नऊ झाली. तरीही 'छान आहे' काही बदलेना. अखेर एका रात्री मी सरळच विचारले, "अगं, तुला काय पाहायचं आहे ते तरी सांग."

त्यांनी कालनिर्णय उतरवून माझ्यापुढे धरला. नोव्हेंबरच्या पानावर त्रिपुरी पौर्णिमेला पेन्सिलीची बारीक खूण होती. "तुमच्याच पुस्तकात वाचलं मी. वाचून झाल्यावर तुम्ही ते पान दुमडलंही नव्हतंत."

मी पान काढले. 'लोय क्रथोंग'! थाई पंचांगाच्या बाराव्या महिन्याची पौर्णिमा. ती बहुधा आपल्या कार्तिकी पौर्णिमेलाच येते. केळीच्या सोपटाची चकती कापायची, भोवती केळीच्या पानाच्या घड्या, मध्ये फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती, की झाला क्रथोंग. रात्री तो पाण्यात सोडायचा. वर्षभर पाणी वापरले, मळवले, त्याबद्दल जलदेवीची क्षमा मागायची. त्या देवीला ते 'मे खोंगखा' म्हणतात. मे म्हणजे आई, खोंगखा म्हणजे गंगा.

सौभाग्यवतींचे माहेर वाईचे. लहानपणी त्रिपुरीला आईचा हात धरून कृष्णेच्या घाटावर द्रोणातला दिवा सोडायला जायच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या आणि ते राहिले ते राहिलेच. पुढे आई गेल्या. "एकदा पाण्यात दिवा सोडायचा आहे," त्या म्हणाल्या. "गुडघे कापायच्या आधी."

शस्त्रक्रियेची त्यांना भीती वाटते, हे मला त्या रात्री प्रथम कळले.

चिरंजीव मात्र गडबडले. "बाबा, त्या रात्री नदीच्या धक्क्यांवर केवढी गर्दी असते! काठ ओला, अंधार. आईचा पाय घसरला तर?" बोलणे खोटे नव्हते. मी दोन दिवस नकाशा घेऊन बसलो. त्या रात्री शहरातली उद्याने उशिरापर्यंत उघडी ठेवतात आणि लोक तिथल्या तळ्यांतही दिवे सोडतात, असे कळले. शहराच्या मध्यभागी मोठे तळे असलेले एक उद्यान आहे. नाव लुंफिनी, म्हणजे लुंबिनी, बुद्धाचे जन्मस्थान! १९९९ साली सुरू झालेली उंचावरची रेल्वे आणि २००४ सालची भुयारी रेल्वे, दोन्ही त्याच्या जवळून जातात.

"पण नदी नाही ती," मी चाचरत म्हणालो. "तळं आहे."

"पाणी आहे ना? मग झालं."

मग उरलेली कलमे भराभर सुटली. चिरंजीवांनी गच्च्या सोडल्या. अयुथयावर मी स्वतःच काट मारली. खंडहर अडीचशे वर्षे थांबले आहेत, आणखी थांबतील. सकाळी एकच ठिकाण, दुपारी विश्रांती, संध्याकाळी नदीतल्या बोटीची फेरी आणि पौर्णिमेचा दिवस पूर्ण मोकळा. थाई स्वयंपाकात माशाचा रस कुठेही डोकावतो, म्हणून 'जे' हा त्यांचा शाकाहाराचा शब्द आम्ही दोघांनी पाठ केला आहे.

काल बॅग भरताना तिच्या कोपऱ्यात लहानशी डबी दिसली. आत दोन फुलवाती.

"अगं, तिथे मेणबत्तीसकट मिळतो क्रथोंग!"

"मिळू दे," सौभाग्यवती म्हणाल्या. "दोन घेतल्या आहेत. एक तुमची."