शहराच्या वेशीवरचा चाकू

अमेरिकेत खिशात केवढा चाकू ठेवायचा, हे पुष्कळ ठिकाणी शहर ठरवते. शिकागोत अडीच इंचांहून लांब पात्याचा चाकू लपवून बाळगता येत नाही. बॉस्टनमध्येही मर्यादा अडीच इंचांचीच. न्यूयॉर्क शहरात चार इंच. महामार्गावर शहराच्या नावाची पाटी लागते, चाकूच्या उपविधीची लागत नाही.

*

लॉस एंजेलिसचे उदाहरण विलक्षण आहे. कॅलिफोर्निया राज्य म्हणते, न मिटणारा खंजीरवजा चाकू लपवायचा नाही. कमरेच्या म्यानात, सर्वांना दिसेल असा ठेवायचा. शहर म्हणते, तीन इंच किंवा त्याहून लांब पाते उघड दिसता कामा नये. धंदा, खेळ, धर्म यांसाठी शहराने सूट ठेवली आहे. पण त्यात न बसणाऱ्याने राज्याचे ऐकले की शहराचा गुन्हा, शहराचे ऐकले की राज्याचा.

*

या गोंधळावर ॲरिझोनाने २०१० साली पहिल्यांदा सरळ उपाय केला : चाकूचा कायदा राज्यच करील, शहरांनी वेगळे उपविधी करायचे नाहीत. राज्यपाल जॅन ब्रुअर यांनी सही केली. मागोमाग न्यू हॅम्पशायर, युटा, जॉर्जिया, टेनेसी, कॅन्सस. ‘नाइफ राइट्स’ ही संघटना यामागे चिकाटीने लागली होती. बंदुकांबाबत बहुतेक राज्यांनी हे आधीच केले होते.

*

टेक्सासने शहरांचे हात २०१५ मध्ये बांधले. तोवर सॅन अँटोनिओत पाते उघडल्यावर पक्के बसणारा घडीचा चाकू बाळगणे गुन्हा होता. सुताराला, वायरमनला तोच चाकू बोटे वाचवणारा, कारण तो हातात अचानक मिटत नाही. आणि सरहद्दीवरचा लढवय्या जिम बोवी ज्या अलामोच्या गढीत १८३६ साली मारला गेला, ती याच शहरात. त्याच्या नावाचा चाकू रस्त्यावर बाळगायला राज्याची बंदी होती, ती २०१७ पर्यंत.

ती उठवण्याचे विधेयक चर्चेत असतानाच ऑस्टिनच्या विद्यापीठात चाकूहल्ला होऊन एक विद्यार्थी मेला. विधिमंडळाने विधेयक फेकून दिले नाही. साडेपाच इंचांहून लांब पात्यांना शाळा, महाविद्यालये, दारूचे गुत्ते अशा जागी मज्जाव घातला. मला हे शहाणपणाचे वाटते. भीती खरी होती, तिला जागेपुरते उत्तर दिले.

*

एकच कायदा असला म्हणजे न्याय एकच होतो, असे मात्र नाही. न्यूयॉर्कचा ‘ग्रॅव्हिटी नाइफ’चा कायदा राज्याचाच होता. पोलीस मूठ धरून मनगटाला झटका द्यायचा. पाते उघडून पक्के बसले की चाकू बेकायदा. पहिल्या झटक्याला नाही उघडले तर दुसरा, तिसरा. हेच चाकू हार्डवेअरच्या दुकानांत राजरोस विकायला होते. शहराने हा कायदा सर्वांत कडकपणे राबवला. पकडले गेले ते बहुतेक काळे आणि लॅटिनो, त्यांत कामावरून परतणारे कितीतरी. आधीची शिक्षा असेल तर कलम आणखी जड. राज्यपाल अँड्र्यू क्युओमो यांनी दुरुस्ती दोनदा अडवली. २०१९ च्या मार्चमध्ये केंद्रीय न्यायालयाने कायदा संदिग्ध म्हणून घटनाबाह्य ठरवला, मे महिन्यात तो रद्द झाला. शहराची चार इंचांची मर्यादा तशीच आहे, आणि चाकू उघड दिसू न देण्याची अटही.

*

शहरांची बाजू पोकळ नाही. गर्दीच्या रेल्वे स्थानकाला माळरानावरच्या गुराख्याचा नियम कसा पुरेल? पण आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्येच म्हटले होते की शहराचे अस्तित्व आणि अधिकार राज्याच्या विधिमंडळाकडून येतात. त्या जोरावर २०१६ मध्ये अलाबामाने बर्मिंगहॅम शहराने वाढवलेले किमान वेतन रोखले. हत्यार तेच. चाकूच्या बाबतीत मी राज्याच्या बाजूचा, वेतनाच्या बाबतीत शहराच्या. चाकूवाला वेशीवरून जाताना नकळत गुन्हेगार होतो. वेतन वाढल्याने कुणी नकळत तुरुंगात जात नाही.

*

फिलाडेल्फियाच्या उपविधीत रस्त्यावर चाकू बाळगायलाच मनाई आहे. धंद्याच्या अवजाराला सूट आहे, पण ते प्रत्यक्ष कामात वापरले जात असेल तेवढ्यापुरतीच. म्हणजे आचाऱ्याची सुरी पाटावर कायदेशीर. पाळी संपवून ती पिशवीत घालून तो स्टेशनकडे निघाला की नाही. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने २०२२ च्या कायद्याने खटक्याच्या चाकूंवरची बंदी काढली, तेव्हाच शहराला ही अट गाळायला लावायला हवी होती.