पेंडीचे दात

मांजराच्या पिल्लाला चावायचं किती, हे त्याची भावंडं शिकवतात. पेंडीला भावंडं राहिली नाहीत, म्हणून ते काम आमच्या घराला करावं लागलं.

ती जन्मली मुंबईच्या आरे वसाहतीतल्या तबेल्यात, सरकीच्या पेंडीच्या गोण्यांमागे. नाव तिथूनच आलं. मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडं पाडली, त्या 2019 च्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. तिची आई एका रात्री परतलीच नाही. बिबट्याने नेली की मोठ्या रस्त्यावर गाडीखाली आली, कुणालाच सांगता येईना. बाकीची पिल्लं तगली नाहीत. तबेल्यातल्या भैयांनी उरलेलं एक पिल्लू गमछ्यात गुंडाळून आमच्या दारात आणलं आणि आईला म्हणाले, "भाभी, इसको आप ही रखो."

आरेत मांजरं का, याचं उत्तर या तबेल्यांतच आहे. मुंबईच्या वस्त्यांत विखुरलेले गोठे शहराबाहेर न्यावेत म्हणून 1949 मध्ये दारा खुरोडींच्या पुढाकाराने ही दुग्ध वसाहत उभी राहू लागली. पुढे म्हशींचे तबेले झाले, त्यांना आम्ही अजून 'युनिट'च म्हणतो. म्हशी आल्या की चारा येतो, पेंड-भुसा येतो, त्यावर उंदीर-घुशी येतात, घुशींमागे मांजरं. उकिरड्यावर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांच्या वासावर जंगलातून बिबट्या उतरतो. पेंडी या साखळीत जन्मली. शिकार तिच्या अंगात होती, त्यात तिचा दोष कसला?

पिल्लाचे 26 दुधाचे दात दीड महिन्यात पुरे होतात. पेंडीच्या तोंडात त्या 26 सुयाच होत्या. धाकटा भाऊ तिच्या पोटावर बोटं नाचवायचा आणि ती चारही पायांनी हात कवटाळून मनगटात दात रुतवायची. तो हात झटकायचा, ती अधिक चेकाळायची. पळणारी वस्तू म्हणजे सावज, हेच तिला ठाऊक. आई स्वयंपाकघरात वळली की पदर आणि घोटा, दोन्ही धोक्यात. एकदा भावाच्या अंगठ्यातून रक्त आलं, तेव्हा बाबांनी त्याचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुतला. मग पालिकेच्या दवाखान्यात रेबीजची सुई. पुढची तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. मांजराचा दात बारीक असतो, भोक दिसत नाही आणि घाण खोल जाते. हे हसण्यावारी न्यायचं नसतं.

शेजारची म्हातारी म्हणाली, "नाकावर एक टिचकी द्या, सुधारेल." आई म्हणाली, "एवढ्याशा जिवाला? नाही हो आजी." म्हशी तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना बाबांनी गाठलं. त्यांनी नीट सांगितलं. एकत्र वाढणारी पिल्लं कुस्ती खेळतात. एक जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. खेळ मोडला, हीच शिक्षा आणि हाच धडा. मारलं तर मांजर हाताला भिईल किंवा हाताशी लढेल, जोर आवरायला मात्र शिकणार नाही.

मग घराचे नियम ठरले. हात खेळणं नाही, पायही नाही. दात लागले की हात ओढायचा नाही, तिथल्या तिथे थिजवायचा. सावज हललं नाही की पकड सुटते. सुटली की उठायचं, पाठ फिरवायची, थोडा वेळ तिच्याकडे बघायचंही नाही. आणि चावायला दुसरं काही द्यायचं, कारण दातांना काम हवंच. बाबांनी काठीला सुतळी आणि सुतळीला चिंधी बांधली. संध्याकाळी, मांजराच्या शिकारीच्या वेळी, ती चिंधी कोपऱ्याकोपऱ्यातून पळायची. पेंडी दबा धरायची, बूड हलवायची, झेप घ्यायची, मागच्या पायांनी चिंधीची आतडी काढायची. दमली की लगेच ताटली पुढे. शोधणं, पकडणं, खाणं आणि मग अंग चाटून झोपणं, हा क्रम पुरा झाला की तिला आमच्या घोट्यांची गरज उरत नसे.

सगळ्यांत अवघड भाऊच होता. सगळ्यांनी एकसारखं वागलं तरच पिल्लाला नियम कळतो आणि हा मात्र पांघरुणाखाली बोटं हलवायचा. आईने पेंडीऐवजी त्यालाच दटावलं.

दुधाचे दात पडून पक्के 30 आले, तोवर ती बदललेली होती. तोंडात हात धरायची, दाबायची नाही. क्षणभर थांबून आमच्याकडे बघायची आणि सोडून द्यायची. ते थांबणं मला आजही फार मोलाचं वाटतं. बाहेर तिची धार तशीच होती. मागच्या दाराशी घुशी दिसायच्या बंद झाल्या. 2021 च्या सप्टेंबरात बिबट्याचे हल्ले वाढले, तेव्हापासून मात्र दिवेलागणीनंतर तिला घरात कोंडतो. ती कुरकुरते, आम्ही ऐकत नाही.

तिचं ऑपरेशन झालं, त्यामुळे स्वतःची पिल्लं तिला नाहीत. पण दोन पावसाळ्यांमागे त्याच तबेल्यातून आणखी एक पोरकं पिल्लू आलं. काळा बोका, अंगात नुसता वारा. त्याने पेंडीच्या शेपटीवर झडप घातली आणि कचकचून चावला. ती फिस्कारली, पंजाने त्याची मान जमिनीला टेकवली, क्षणभर धरली, सोडली आणि कपाटावर जाऊन बसली. पिल्लू खाली ओरडत राहिलं, ती उतरली नाही. उतरली तेव्हा पुन्हा खेळली, पुन्हा चावा बसला, पुन्हा कपाट. आम्ही काठी-सुतळी हातात घेऊन नुसते बघत राहिलो. आमच्या घराला जे जमायला महिने लागले, ते तिने त्याला बघता बघता शिकवलं.

बोका आता मरोळला मावशीकडे असतो. तिची नातवंडं त्याला उचलून फिरवतात, उशीसारखा दाबतात, कान ओढू बघतात. फार झालं की तो त्यांचं मनगट तोंडात धरतो, दाबत नाही, आणि उठून कपाटावर जातो.