रंग एकटा बोलत नाही

लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांतता, पिवळा म्हणजे आनंद असे तक्ते डिझाइन शिकणाऱ्यांच्या हाती अजूनही पडतात. मला ते मान्य नाहीत. भावना सुट्या रंगात नसते. तो किती जागा व्यापतो, किती गडद आहे आणि त्याला शेजार कुणाचा आहे, यावर ती ठरते. व्हॅन गॉगने १८८८ साली आर्लमध्ये रंगवलेलं ‘नाइट कॅफे’ पाहा. भिंती रक्तासारख्या लाल, छत हिरवं, मधोमध हिरवं बिलियर्ड टेबल. माणसाच्या भयंकर वासना लाल-हिरव्यातून दाखवू पाहतोय, असं त्याने भावाला कळवलं होतं, आणि ते चित्र पाहताना जीव गुदमरतोच. आता हीच जोडी आपल्या लग्नघरात आठवा. हिरवा चुडा, हिरवा शालू, कपाळावर लाल कुंकू. इथे ती मंगल वाटते, कारण कॅफेत दोन्ही रंग सारख्याच जोराने अंगावर येतात आणि दिव्यांचा पिवळा झगझगाट त्यांना आणखी भडकवतो. नवरीच्या अंगावर मात्र राज्य हिरव्याचं असतं, लाल टिकलीपुरता असतो आणि जरीचा सोनेरी काठ सगळ्याला ऊब देतो.

हा केवळ संस्कारांचा खेळ नाही, डोळ्यांचाही आहे. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात रंगाईचं काम पाहणाऱ्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. रंगाईत दोष नव्हता. निळ्या-जांभळ्याशेजारी विणल्यामुळे काळ्याचा जोर ओसरत होता. १८३९ साली त्याने यावर ग्रंथच प्रसिद्ध केला. करड्या कागदाची पट्टी लालभडक कागदावर ठेवली की हिरवट दिसते, हिरव्यावर ठेवली की गुलाबीकडे झुकते. मग करडा उदास, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

यावर कुणी नाट्यशास्त्राचा दाखला देईल. तिथे प्रत्येक रसाला रंग नेमून दिला आहे. रौद्राला लाल, करुणाला पारव्यासारखा करडा. पण त्याच यादीत शृंगार श्याम आहे, आणि आजची प्रेमाची भेटकार्डं लाल असतात. म्हणजे हे संकेत आहेत, शिकलेले आणि शिकवलेले. रंगमंचाला, सिग्नलला संकेत लागतातच. लाल कुठेही चटकन लक्ष वेधतो, हेही खरं. पण लाल दिवा आपल्याला थांबवतो, राग आणत नाही. चित्रातला पिवळा प्रसन्न वाटत नसेल, तर आणखी पिवळा ओतण्याआधी त्याच्यामागचा करडा जरा जांभळ्याकडे झुकवून पाहावा. पिवळ्याला हातही न लावता तो उजळतो.